उतारावरची हाक

शुक्रवारची कुसकुसची परात मधोमध ठेवली आणि मबरूकाला कळलं, की आजचं जेवण धड होणार नाही. सौसन सकाळच्या बसनं तुनिसहून आली होती. आल्या आल्या तिनं पिशवीतून एक निळी फाईल काढून टीव्हीवर ठेवली होती. नजीबनं ती पाहिली होती, आणि पाहिलीच नाही असा चेहरा करून तो हात धुवायला गेला होता. आपल्या दोन्ही लेकरांना मबरूका चेहऱ्यावरून ओळखत होती. हा चेहरा भांडणाआधीचा.

मसऊद परातीजवळ मांडी घालून बसला. उद्या शनिवार, गोदीतला त्याचा शेवटचा दिवस. एकतीस वर्षं झाली होती. उद्याच्या भरतीला नवा ट्रॉलर पाण्यात सोडायचा होता, त्या गोदीत आजवर बांधलेल्या सगळ्या नौकांहून मोठा. तो सोडला की मसऊद घरी बसायला मोकळा.

“उद्या आम्ही येणार,” सौसन म्हणाली.

“कुठं?”

“गोदीत. तुम्ही नौका सोडता ते बघायला. जन्माला आल्यापासून ऐकतेय, एकदा तरी बघू दे.”

मसऊदनं माशाचा काटा काढून कडेला ठेवला. “गर्दी असते तिथं. बायकांना उभं राहायला जागा नसते.”

“रिदाच्या बायकोला बरी असते. दर वेळी फोटोत दिसते ती.”

“ती मालकीण आहे.”

“आणि मी कोण?” मसऊदची थोरली बहीण शलबिया पलीकडून म्हणाली. ती शुक्रवारी भावाकडेच जेवायची आणि जेवताना गप्प बसणं तिला कधी जमलं नव्हतं. “सगळ्या जर्जीस गावाला सांगत फिरते मी, माझा भाऊ नौका सोडतो म्हणून. कुणी विचारलं, सोडतो म्हणजे काय करतो, तर मला सांगता येत नाही. हातानं ढकलतोस का रे?”

मसऊद हसला. “ढकलत नाही. ती आपणहून जाते. मी फक्त कधी ते सांगतो.”

“मग ते सांगताना बघू दे आम्हाला.”

“बाबा नको म्हणतायत ना,” नजीब म्हणाला. “मग नको. विषय संपला.”

नजीबही त्याच गोदीत, वेल्डिंगला. अकरा वर्षं. बाप-लेक एकाच फाटकातून आत जात, पण गोदीतलं काही घरात बोलत नसत. दोघांचं याबाबतीत कधी ठरलं होतं, की ठरवावंच लागलं नव्हतं, हे मबरूकाला कधी कळलं नाही.

सौसननं घास परातीत ठेवला आणि उठून फाईल आणली. “मग हे तरी बघा. उद्यानंतर उपयोग नाही याचा. कामावर असताना केलेली तक्रार वेगळी धरतात. कायदा होऊन दोन वर्षं झाली, बाबा. रंगावरून माणसाला मागं ठेवलं तर आता तो गुन्हा आहे. एकतीस वर्षं तुम्ही नौका सोडताय आणि कागदावर तुम्ही अजून मदतनीस. मुख्य उस्तादाच्या जागेवर तीन माणसं येऊन गेली. तिघांना शिकवलं कुणी? आत्ताच्या त्या अनीसला पाचर कुठल्या बाजूनं ठोकायची हे कुणी दाखवलं?”

“हळू बोल,” नजीब म्हणाला.

“का? घरातही हळू?”

“माझा करार या महिन्याअखेर संपतोय. तो वाढवायचा की नाही हे रिदा ठरवणार. बाबांची सही या कागदावर पडली की तो काय ठरवेल, हे सांगायला वकील नको.”

“म्हणजे तुझ्या करारासाठी बाबांनी मदतनीस म्हणून घरी बसायचं.”

“तू तुनिसला एसीत बसतेस. कॉम्प्युटरसमोर. संध्याकाळी पर्स उचलून निघतेस. इथं रोज सकाळी त्या फाटकातून मला आत जायचंय, तुला नाही.”

सौसननं फाईल मांडीवर घट्ट धरली.

“मी सही करणार नाही,” मसऊद म्हणाला. आवाज चढवला नव्हता त्यानं. “आणि उद्या कुणी येऊ नका.”

तो उठला. परातीतला त्याच्या बाजूचा भात जसाच्या तसा होता, म्हणजे कुसकुस, पण शलबिया सगळ्याच धान्याला भातच म्हणायची, आणि आत्ताही ती तेच म्हणाली, “भात टाकून उठला बघ.”

स्वयंपाकघरात भांडी घासताना नणंद-भावजय एकट्या होत्या.

“तू कधी विचारलं नाहीस त्याला?” शलबियानं विचारलं.

“काय?”

“तिथं काय आहे ते.”

मबरूकानं पातेलं पालथं घातलं. विचारलं होतं तिनं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी, आणि मग एकदा त्याची दाढ तुटली तेव्हा. झोपेत दात खाऊन खाऊन तुटली होती. दवाखान्यातल्या बाईनं विचारलं होतं, हे काम काय करतात? मबरूका म्हणाली होती, नौका बांधतात. बाई म्हणाली, मग दगड का चावतायत? संध्याकाळी तो गोदीतून यायचा, घराच्या फाटकाजवळच्या ऑलिव्हच्या झाडाखाली दगडावर बसायचा, अर्धा तास, कधी तासभर. पोरं लहान होती तेव्हा त्याच्याकडे धावायची आणि मबरूका त्यांना मागं ओढायची. थांबा, बाबा आलेत, पण अजून पोचले नाहीत. पोरांना ते खरंच वाटायचं. तिलाही वाटायचं.

“विचारलं,” ती म्हणाली. “म्हणाला, लाकूड जड असतं.”

शलबियानं हात पुसले. ती वीस वर्षं एका हॉटेलात चादरी बदलत होती. त्या हॉटेलच्या पुढच्या दारातून ती एकदाही आत गेली नव्हती.

मबरूका बाहेर आली. नजीब बूट घालत होता.

“उद्या भरती किती वाजता आहे?” तिनं विचारलं.

नजीबनं वर पाहिलं. आत्ता जेवताना आई आपल्या बाजूला होती, निदान विरुद्ध तरी नव्हती, असं त्याला वाटत होतं. आता तसं राहिलं नव्हतं.

“उम्मी, नको येऊस.”

“वेळ विचारतेय मी.”

“साडेदहा,” तो नाइलाजानं म्हणाला.

*

सकाळी सहाला नजीब गोदीत पोचला तेव्हा मसऊद नौकेच्या पोटाखाली होता. तीन मजली घराएवढी नौका लाकडी पाळण्यात बसली होती, आणि पाळणा दोन रुळांवर. रूळ उतरत उतरत थेट पाण्यात गेले होते. मसऊदनं नौकेच्या कण्याला तळवा लावला होता, दुखणेकरी जनावराच्या पाठीवर ठेवतात तसा. मग त्यानं कान लावला. मग चार पावलं पुढं जाऊन पुन्हा तळवा.

नजीब लांबूनच बघत राहिला. गोदीत तो बापाला हाक मारत नसे. पहिल्या आठवड्यात मारली होती, “बाबा” म्हणून. तेव्हा रंगाऱ्यांतला कुणीतरी मागून त्याच चालीत ओरडला होता, “काळ्या बाबा”, आणि दिवसभर सगळी गोदी त्या चालीत ओरडत होती. तेव्हापासून नजीब बापाशी बोलायचं असलं की चालत जवळ जायचा.

काळ्या. गोदीत मसऊदचं दुसरं नावच नव्हतं. सुरुवात रिदाच्या बापानं, म्हाताऱ्या हाजीनं केली होती. लोक म्हणायचे, प्रेमानं म्हणतो. हाजी गेला, पण ते नाव राहिलं. मसऊद कामाला लागला तेव्हा जी पोरं जन्मलीही नव्हती, तीही त्याला त्याच नावानं हाक मारत आणि त्याच्याच हाताकडे बघून जीव मुठीत धरून काम करत. नजीबला सुरुवातीला काळ्याचा पोरगा म्हणत. त्यानं त्यावर एक युक्ती काढली होती. दुसरा कुणी काही बोलायच्या आत तोच स्वतःवर विनोद करायचा आणि सगळ्यांच्या आधी हसायचा. त्यामुळं गोदीत त्याचा स्वभाव फार चांगला समजला जाई. घरी मात्र रविवारी तो कुणाशी बोलत नसे. त्याची बायको म्हणायची, तुझं हसू तिथंच संपतं वाटतं.

तो चालत जवळ गेला.

“उम्मी येणार आहे,” तो म्हणाला. “सौसन, आत्याही.”

मसऊदचा तळवा लाकडावर थांबला.

“वेळ तू सांगितलीस?”

“हो.”

त्याच्या मानेवरची शीर उडत होती, ती नजीबला दिसत होती. बाप रागावला असेल तर बरं, असं त्याला वाटलं. पण तो राग नव्हता. बाप घाबरला होता. सव्वाशे टन लाकडाखाली उभा राहून न घाबरणारा माणूस घाबरला होता, कारण साडेदहाला त्याची बायको एक शब्द ऐकणार होती.

“उजवीकडची चौथी पाचर कोरडी आहे,” मसऊद म्हणाला. “तिला चरबी लाव. आणि आज त्या पाचरीवर तूच थांब.”

*

मबरूकानं एवढी मोठी वस्तू इतक्या जवळून कधी पाहिली नव्हती. वर बघितलं की मान दुखत होती. नाळेवर, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकावर, निळ्या रंगाचे दोन डोळे काढले होते आणि ते समुद्राकडे न बघता तिच्याकडेच बघतायत असं तिला वाटलं. एका बाजूला फळ्यांचा मंच होता. त्यावर रिदा, त्याची बायको, बंदराचा साहेब, मासळीचे व्यापारी. इमामानं फातिहाची प्रार्थना म्हटली. दोन्ही बाजूंना आठ आठ माणसं हातात घण घेऊन पाचरींपाशी उभी होती, नजीब उजवीकडे चौथा. अनीस इंजिनीयर पांढरं शिरस्त्राण घालून, लाल निशाण घेऊन पुढं उभा होता.

“मसऊद कुठंय?” शलबियानं विचारलं.

सौसननं बोट दाखवलं. उताराच्या टोकाला, जिथं रूळ पाण्यात शिरत होते, तिथं बाजूला गुडघाभर पाण्यात एक माणूस एकटा उभा होता. पाठ समुद्राकडे, तोंड नौकेकडे. मबरूकाला क्षणभर तो ओळखू आला नाही. घरातला मसऊद थोडा वाकून चालायचा. हा माणूस ताठ होता.

“सगळे त्याच्याचकडे बघतायत,” सौसन हळूच म्हणाली. “बघ उम्मी. निशाणाकडे कुणीच बघत नाहीये.”

खरंच होतं ते. सोळाच्या सोळा माणसांचे डोळे अनीसच्या शिरस्त्राणावरून पलीकडे, पाण्यातल्या त्या माणसाच्या उजव्या हातावर होते. रोज संध्याकाळी आपण ज्या हातावर पाणी घालतो तोच हा हात, हे मबरूकाला पटेना.

मंचावर रिदानं भोंगा तोंडाला लावला. पाण्याकडे पाहिलं, घड्याळ पाहिलं.

“चल रे काळ्या,” तो म्हणाला. “सोड.”

मंचावरचे लोक हसले. ते वाईट हसू नव्हतं, सवयीचं होतं, लग्नात ठरलेल्या गमतीला हसतात तसं. मबरूका हसली नाही आणि दचकलीही नाही. तिला फक्त सगळं समजलं. ऑलिव्हखालचा दगड, तुटलेली दाढ, गर्दी असते, जागा नसते, लाकूड जड असतं. एकतीस वर्षांचं कोडं एका शब्दात सुटलं. तिनं सौसनचा दंड धरला.

पाण्यातल्या माणसानं एकदा बायका उभ्या होत्या तिकडे पाहिलं. मग पुन्हा नौकेकडे. त्याचे दोन्ही हात खाली होते, बोटं पाण्याला लागलेली.

“काळ्या,” भोंगा पुन्हा वाजला. “ऐकू येत नाही का? पाणी उतरायला लागेल.”

तो हलला नाही.

अनीसनं निशाण खाली आणलं. एकही घण उठला नाही.

*

हे बंड नव्हतं, हे नजीबला उजव्या चौथ्या पाचरीपाशी उभं राहून स्पष्ट दिसत होतं. त्या हाताशिवाय घण उचलायची कुणाची छातीच नव्हती. एक बाजू आधी सुटली तर नौका तिरकी होऊन माणसांवर येते, आणि कधी सोडायचं हे त्या गोदीत एकाच माणसाला कळत होतं. सगळ्यांना ते माहीत होतं. इतकी वर्षं माहीत होतं. फक्त आज ते उघड्यावर येऊन उभं राहिलं होतं, तीन मजली घराएवढं, आणि त्याच्याकडे बघणं भाग होतं. दोरांची करकर ऐकू येत होती.

रिदा मंचावरून उतरला. चिखलात बूट रुतवत तो थेट नजीबपाशी आला.

“काय झालंय तुझ्या बापाला?”

“माहीत नाही, सी रिदा.” ‘सी’ म्हणजे साहेब, मालकाच्या नावाआधी तो मान लावावाच लागे.

“हाक मार त्याला.”

नजीबच्या तोंडात विनोद तयार होता. सवयीनं आला होता. तो त्यानं गिळला.

“हाक तुम्हीच मारता दर वेळी,” तो म्हणाला.

“मारली ना. दोनदा मारली.”

“ती त्यांना नाही मारली तुम्ही.”

रिदा त्याच्याकडे बघत राहिला. मागं समुद्राची रेघ रुळावरच्या खुणेला टेकली होती, भरती याहून वर चढणार नव्हती. रिदा एक पाऊल जवळ आला आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाला, “नाव काय त्याचं?”

नजीबला आधी वाटलं, हा चिडवतोय. मग रिदाच्या डोळ्यांत दिसलं, याला खरंच माहीत नाही. पगाराच्या यादीत सगळी नावं होती, पण त्यातलं कुठलं पाण्यात उभ्या असलेल्या माणसाचं, हे शोधायची रिदाला गरज पडली नव्हती. नजीबनं शेजारच्या पाचरीवरच्या माणसाकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली. त्यालाही माहीत नव्हतं. सतरा वर्षं तो त्या हाताच्या इशाऱ्यावर जगला होता.

तेव्हा नजीबला काय झालं ते त्याला पुढं कधी नीट सांगता आलं नाही. करार, महिनाअखेर, पोराची शाळा, सगळं त्याच्या डोक्यात होतं, गेलं नव्हतं कुठं. ते सगळं असतानाच त्यानं घण खाली ठेवला आणि मान वर केली. रिदाला नाही, साऱ्या गोदीला ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला,

“मसऊद. मसऊद बिन बिलाल बिन फरज बिन यूनुस. माझे बाबा.”

नाव उतारावरून पाण्यापर्यंत गेलं. पाण्यातल्या माणसानं डोळे मिटले आणि उघडले.

रिदाचा चेहरा लाल झाला होता. त्यानं एकदा पाण्याच्या रेघेकडे पाहिलं. मग तोंडातल्या तोंडात म्हणाला, “सी मसऊद, सोडा.”

“आम्हाला इकडे काही ऐकू आलं नाही बाई,” बायकांतून शलबियाचा आवाज आला. अगदी साधा, बाजारात भाव विचारावा तसा.

कुणीतरी हसलं. मग कुणी हसलं नाही. रिदा वळला, चिखलातून परत मंचावर चढला आणि त्यानं भोंगा हातात घेतला. त्याच्या बायकोनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

“सी मसऊद,” भोंग्यातून आलं. “सोडा.”

मसऊदचा उजवा हात पाण्यातून वर आला. थेंब गळत होते. तो हात उंच गेला आणि थांबला, आणि सोळा माणसांनी घण उचलले, नजीबनंही. मसऊद बंदरातला वारा पडायची वाट बघत होता. वारा पडला. मूठ वळली.

सोळा घण एका आवाजात पडले. पुन्हा. पुन्हा. मूठ उघडली आणि घण थांबले, आणि काहीच झालं नाही. नजीबनं हे अकरा वर्षांत कितीदा पाहिलं होतं, पण हा मधला क्षण त्याला दर वेळी नवा वाटायचा. एवढं मोठं धूड जागच्या जागी, सगळे अडसर गेलेले, आणि तरी उभं. मग कुठूनतरी केसाएवढी बारीक करकर आली. नाळेवरचे निळे डोळे बोटभर मागं सरले. मग हातभर. आणि मग साऱ्या आकाशालाच चाल मिळाल्यासारखी ती नौका निघाली. रुळांवरच्या चरबीतून धूर निघाला, जळक्या चरबीचा वास सुटला, पायाखालची जमीन गुरगुरली. ती भिंत मसऊदच्या शेजारून, हात लांबवला तर लागेल इतक्या जवळून गेली. तो मागं सरला नाही. त्याच्या छातीपर्यंत लाट आली आणि तिचं पाणी बायकांच्या पायांपर्यंत पोचलं. पाण्यात नौका एकदा डावीकडे झुकली, लोकांच्या तोंडून आवाज निघाला, मग ती उजवीकडे आली आणि सरळ उभी राहिली, जन्मापासून तिथंच असल्यासारखी.

बंदरातल्या सगळ्या बोटींनी भोंगे वाजवले. बायकांनी जिभा हलवून हर्षाची ललकारी दिली, रिदाच्या बायकोनंही दिली. मसऊद पाण्यातून चालत वर आला. अनीस शिरस्त्राण काढून त्याच्या वाटेत उभा होता.

“सी मसऊद,” तो म्हणाला, “मला तुमचं नाव माहीत होतं. मी घेत नव्हतो.”

मसऊदनं त्याच्या खांद्यावर ओला हात ठेवला आणि पुढं गेला. रिदापाशी तो थांबला.

“हा तमाशा कशाला?” रिदा म्हणाला.

“तमाशा नाही, सी रिदा. तुम्ही दुसऱ्या कुणाला तरी हाक मारताय असं वाटलं. माझी बायको आली होती आज. तिनं मला त्या नावानं कधी हाक मारलेली नाही.”

नजीबचा करार त्या महिन्याअखेर संपला आणि पुन्हा झाला नाही. तो होणार नाही हे त्याला तिथंच, घण खाली ठेवतानाच कळलं होतं.

*

घरी पोचल्यावर बाबांचे हात थरथरायला लागले. सौसनला वाटलं, ओल्या कपड्यांनी असेल. कपडे बदलले, चहा झाला, तरी थरथर थांबेना. शेजारची नर्स यंत्र घेऊन आली, दोनदा दाब मोजला आणि म्हणाली, आडवे व्हा, दोन दिवस उठू नका. ते उशीला टेकून बसले, पण झोपले नाहीत. उम्मी त्यांच्या पायाशी बसून राहिली. तिनं गोदीबद्दल एक शब्द काढला नव्हता. ती त्यांच्याकडे बघत होती, परक्या गावाहून आलेल्या मोठ्या माणसाकडे बघावं तशी, आणि मधूनच त्यांचं पांघरूण नीट करत होती.

सौसननं फाईल पिशवीत घालून ठेवली होती. आज ती बाहेर काढायची नाही, असं तिनं ठरवलं होतं.

“तो कागद कुठंय?” बाबांनीच विचारलं.

तिनं नजीबकडे पाहिलं. तो भिंतीला टेकून बसला होता.

“दे,” तो म्हणाला. “माझं काय व्हायचं ते झालं.”

बाबांनी चष्मा लावून सावकाश वाचलं. “यात मी एकटाच आहे,” ते म्हणाले. “आणि फक्त उस्तादाच्या जागेबद्दल आहे. एवढंच नव्हतं ते. लिहून घेशील?”

ते बोलायला लागले, तेव्हा दुपारची नमाज नुकतीच झाली होती. पहिल्या दिवशी हाजीनं नाव विचारलं, सांगितल्यावर म्हणाला, एवढं कोण लक्षात ठेवणार. तिथपासून. हम्मादीचं सांगितलं. तो त्यांच्याच रंगाचा, पाळण्याखाली त्यालाच आधी पाठवायचे. त्याचा पाय गेला तेव्हा अहवालात लिहिलं, कामगाराचं लक्ष नव्हतं. पाण्याचा वेगळा डबा सांगितला. एका इंजिनीयरनं त्यांच्याकडून नकाशा वाचायला शिकून घेतला आणि पाहुण्यांसमोर विचारलं, तुला वाचता येतं का. कुठला महिना, कुठली नौका, कोण शेजारी उभं होतं, सगळं. आवाजात राग नव्हता. सौसन लिहीत होती, बोटं अवघडली होती. शलबियाआत्यासुद्धा गप्प होती, आणि तशी ती कुणाला कधी आठवत नव्हती. सौसनला वाटलं, एवढं सगळं पोटात घेऊन हा माणूस रोज रुळावरच्या पाचरी मोजत होता, एकदाही चुकला नव्हता.

“सत्त्याण्णवमध्ये नाही, अठ्ठ्याण्णवमध्ये,” उम्मी अचानक म्हणाली. “दाढ तुटली त्या वर्षी.”

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. “बरोबर,” ते म्हणाले. “अठ्ठ्याण्णव.”

ऊन भिंतीवरून खाली उतरलं तेव्हा ते थांबले. हातांची थरथर कमी झाली होती. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि तो हातातच ठेवून सौसनकडे पाहिलं. तिनं पेनाला टोपण लावायला घेतलं.

“आणि तुला काय म्हणतात?” त्यांनी विचारलं.

“कुठं?”

“तुनिसला. तुझ्या ऑफिसात.”

ती हसली. “माझं ठीक आहे, बाबा. एसी आहे, कॉम्प्युटर आहे.” नजीबकडे बघून ती हे चेष्टेत म्हणणार होती, पण अर्ध्यावर आवाज बदलला. सगळे तिच्याकडे बघत होते. कोणी घाई केली नाही. तिनं कागदांची थप्पी सारखी केली, मग पुन्हा एकदा सारखी केली, आणि ती आधीच सारखी होती.

“फोनवर सगळ्यांना मीच हवी असते,” ती म्हणाली. “मग समोर येतात, माझा रंग बघतात, आणि विचारतात...”

पुढचं तिला बोलता येईना. नजीब उठून तिच्याजवळ येऊन बसला. त्यानं तिच्या बोटांतून पेन काढून घेतलं, एक कोरा कागद ओढला आणि वर लिहिलं, सौसन बिन्त मसऊद.

“सांग,” तो म्हणाला. “सावकाश. मी लिहितो.”